फेब्रुवारीचे सण : दोन पंचांगे, एक अमावास्या

भिंतीवरच्या दिनदर्शिकेत फेब्रुवारीचे पान सर्वांत आखूड असते. परंतु त्या पानावर सणांची आणि पुण्यदिवसांची दाटी मात्र पुष्कळ असते. वसंतपंचमी, रथसप्तमी, माघी पौर्णिमा, महाशिवरात्र, शिवजयंती, गोव्यातील कार्निव्हल, राखेचा बुधवार, झालेच तर अलीकडे तरुणांच्या तोंडी असणारा व्हॅलेंटाइनचा दिवस. यांपैकी काही तारखेने येतात, काही तिथीने येतात, आणि काही असे की त्यांचे गणित लावताना तारीख, तिथी व वार अशा तिघांचीही संमती घ्यावी लागते. इंदूर, बडोदे, हैदराबाद, बेळगाव किंवा मडगाव अशा ठिकाणी, जेथे एकाच आळीत दोन-तीन धर्मांची आणि दोन-तीन भाषांची घरे शेजारी शेजारी असतात, तेथे शेजाऱ्याच्या घरी आज सुटी का, हा प्रश्न मुले हटकून विचारतात. ‘त्यांचा सण आहे’ एवढ्या उत्तराने मुलांचे समाधान होत नाही, आणि होऊही नये. सण कोठून आला हे कळले, म्हणजे शेजारी अधिक कळतो.

प्रथम महिन्याच्या नावाचा विचार करू. फेब्रुवारी हे नाव रोमन लोकांनी ठेवलेले आहे. लॅटिन भाषेत ‘फेब्रुआ’ म्हणजे शुद्धीची साधने, असा अर्थ ओव्हिड या रोमन कवीने दिला आहे. या महिन्यात रोमन लोक घराची, नगराची व स्वतःची शुद्धी करीत. १३ ते २१ फेब्रुवारी हे नऊ दिवस ते आपल्या पितरांसाठी राखीत; थडग्यांवर फुले, धान्य व मीठ वाहत, आणि त्या दिवसांत विवाह करीत नसत. आपल्याकडील पितृपक्षाची आठवण व्हावी असाच हा प्रकार होता. शुद्धी आणि पितृस्मरण ही कामे याच महिन्यात का, याचे कारण सोपे आहे. प्राचीन रोमन वर्षाचा आरंभ मार्चमध्ये होत असे. सप्टेंबर, ऑक्टोबर, नोव्हेंबर व डिसेंबर या नावांचे मूळ अर्थ सातवा, आठवा, नववा व दहावा असे आहेत. ते मार्चपासून मोजले तरच जुळतात. जानेवारी व फेब्रुवारी हे दोन महिने नुमा राजाने मागाहून जोडले, अशी रोमन परंपरा सांगते. तात्पर्य, फेब्रुवारी हा वर्षाचा शेवट होता. नवे वर्ष उंबरठ्यावर आले असता जुन्या वर्षाचा मळ काढावा व गेलेल्यांचे ऋण फेडावे, हा त्यामागील भाव होता.

शेवटचा महिना म्हणूनच हिशेबाची घट-वाढही याच्याच वाट्यास आली. रोमन पंचांग सूर्याच्या मागे पडले, की फेब्रुवारीच्या २३ तारखेच्या सुमारास एक जादा महिना घालण्याची वहिवाट होती; आपल्या अधिकमासासारखीच ती एक तोड होती. परंतु हा महिना केव्हा घालायचा हे धर्माधिकाऱ्यांच्या मर्जीवर असल्यामुळे पुढे फार गोंधळ माजला. तो निस्तरण्यासाठी ज्युलियस सीझरने इसवी सनापूर्वी ४६ या वर्षी ४४५ दिवसांचे एक लांबलचक वर्ष करून मागील बाकी फेडली, आणि पुढील वर्षापासून ३६५ दिवसांचे वर्ष व ठरावीक अंतराने एक जादा दिवस अशी पद्धत घालून दिली. तो जादा दिवसही फेब्रुवारीतच आला. ऑगस्टस बादशहाने आपल्या नावाचा महिना मोठा करण्यासाठी फेब्रुवारीचा एक दिवस पळविला, अशी एक गोष्ट अजूनही पुष्कळ ठिकाणी सांगितली जाते. पण ती खरी नव्हे. ऑगस्टसच्या आधीचे, भिंतीवर रंगविलेले एक रोमन पंचांग सापडले आहे व त्यातही फेब्रुवारीचे दिवस २८ च आहेत.

सीझरच्या गणितात एक बारीक चूक राहून गेली होती. त्याने वर्ष ३६५ दिवस व सहा तासांचे धरले; वस्तुतः ते सुमारे अकरा मिनिटांनी कमी आहे. ही अकरा मिनिटे साचत साचत सोळाव्या शतकापर्यंत दहा दिवसांवर गेली. तेव्हा पोप तेरावे ग्रेगरी यांनी १५८२ मध्ये ४ ऑक्टोबरच्या दुसऱ्या दिवशी १५ ऑक्टोबर मोजावयास लावले, आणि शतकाचे वर्ष चारशेने भागले जात असेल तरच ते लीप वर्ष धरावे, असा नियम केला. म्हणून १९०० साली २९ फेब्रुवारी नव्हता, २००० साली होता, आणि २१०० साली नसेल. इंग्रजांनी ही सुधारणा १७५२ पर्यंत स्वीकारली नाही. या गोष्टीचा मराठी माणसाशी संबंध आहे तो असा, की फाल्गुन वद्य तृतीया शके १५५१ या शिवजन्मतिथीची १९ फेब्रुवारी १६३० ही जी तारीख सांगतात, ती जुन्या, म्हणजे ज्युलियन गणनेची आहे. ग्रेगरीच्या गणनेने तोच दिवस १ मार्च १६३० असा येतो. एकच दिवस, परंतु नाव तीन प्रकारचे. तिथीने उत्सव करणारे आणि तारखेने करणारे यांच्यात वाद घालण्यासारखे फारसे काही नाही, हे एवढ्यावरून ध्यानात यावे.

आता सणांकडे वळू. महिन्याच्या आरंभीच, २ फेब्रुवारीस, ख्रिस्ती लोकांचा मेणबत्त्यांचा सण असतो. बाळ येशूला त्याच्या आईबापांनी यरुशलेमच्या मंदिरात नेऊन देवाला अर्पण केले, त्याची ही आठवण होय. मोशेच्या नियमशास्त्राप्रमाणे मुलगा झाला असता आईची शुद्धी चाळीस दिवसांनी होत असे व त्या वेळी एक कोकरू अर्पण करावे लागे. ज्यांची ऐपत नसेल त्यांनी पारव्यांची किंवा कबुतरांची जोडी द्यावी, अशी सवलत होती. मरिया व योसेफ यांनी पक्ष्यांची जोडीच दिली, असे लूकच्या शुभवर्तमानावरून दिसते. म्हणजे ते गरिबांपैकी होते. २५ डिसेंबर हा पहिला दिवस धरून मोजू लागले, तर डिसेंबरचे ७, जानेवारीचे ३१ व फेब्रुवारीचे २ मिळून बरोबर चाळीस होतात. बाळंतिणीने सव्वा महिना घराबाहेर पडू नये, ही आपल्याकडील रीत ज्या घरांत पाळली जाते, त्या घरांना हे चाळीस दिवस परके वाटण्याचे कारण नाही. मंदिरात शिमोन नावाच्या वृद्ध पुरुषाने त्या बाळाला हातांत घेऊन, हा सर्व राष्ट्रांना प्रकाश होईल, अशा आशयाचे उद्‌गार काढले. त्या प्रकाशाची खूण म्हणून या दिवशी मेणबत्त्या आशीर्वादित करून त्यांची मिरवणूक काढतात. पुष्कळ कॅथलिक घरांत या मेणबत्त्या वर्षभर जपून ठेवलेल्या असतात. वादळात किंवा घरात कोणी मरणोन्मुख असता त्या लावतात. दुसऱ्याच दिवशी, ३ तारखेस, संत ब्लेझ यांचा स्मरणदिन येतो. घशात काटा अडकलेल्या मुलाला त्यांनी वाचविले, अशी आख्यायिका आहे. म्हणून धर्मगुरू दोन मेणबत्त्या फुलीसारख्या धरून त्या लोकांच्या गळ्याशी टेकवून आशीर्वाद देतात.

हा मेणबत्त्यांचा सण रोमन लोकांच्या एका जुन्या उत्सवावर पांघरूण घालण्यासाठी काढला, असे विधान अनेक पुस्तकांत आढळते. परंतु कालक्रम पाहिला तर ते टिकत नाही. चौथ्या शतकाच्या अखेरीस एगेरिया नावाची एक यात्रेकरू स्त्री यरुशलेमला गेली होती; तिने हा सण तेथे थाटाने साजरा होताना पाहिला व तसे लिहून ठेवले. रोममध्ये तो रूढ झाल्याचा पुरावा मिळतो तो सातव्या शतकाच्या उत्तरार्धातील. म्हणजे सण पूर्वेकडून पश्चिमेकडे गेला. एका सणासारखा दुसरा सण दिसला, की पहिल्यातून दुसरा निघाला असे म्हणण्याचा मोह होतो. पण सारखेपणा हा वंशाचा दाखला नव्हे.

या सणाची दुसरी बाजू शेतकऱ्याची आहे. २२ डिसेंबरच्या सुमारास सर्वांत मोठी रात्र होते व २१ मार्चच्या सुमारास दिवस-रात्र समान होतात. या दोहोंच्या जवळजवळ मध्यावर हा दिवस येतो. म्हणून युरोपातील शेतकरी त्या दिवशी आपल्या गंजीकडे पाही. निम्मी वैरण अजून शिल्लक असावी, असा त्यांचा ठोकताळा होता. ती नसेल तर मार्चमध्ये जनावरे विकावी तरी लागत किंवा मरताना पाहावी तरी लागत. त्या दिवशी लख्ख ऊन पडले तर हिवाळा लांबणार व ढगाळ असेल तर तो सरणार, अशी समजूत होती; कारण त्या प्रदेशात हिवाळ्यातील निरभ्र आकाश कडक थंडी आणते, आणि ढग समुद्रावरची ऊब घेऊन येतात. जर्मन लोक बॅजर नावाचा प्राणी बिळाबाहेर येऊन आपली सावली पाहतो की काय, हे पाहत. तेच लोक अमेरिकेतील पेनसिल्व्हेनियात जाऊन राहिले, तेव्हा बॅजरची जागा ग्राउंडहॉगने घेतली, आणि १८८७ पासून पंक्सटॉनी या गावी २ फेब्रुवारीस त्याचा उत्सव भरू लागला. हवामानाच्या नोंदी त्या प्राण्याच्या भाकितास मुळीच दुजोरा देत नाहीत. पण आज जी गंमत दिसते तिच्या तळाशी गोठ्यातील वैरणीची चिंता आहे, हे विसरू नये. आयर्लंडमध्ये याच सुमारास मेंढ्या विऊ लागतात व घरात पुन्हा दूध दिसते; तेथे १ फेब्रुवारीस संत ब्रिजिड यांचा सण होतो, लव्हाळ्यांचे क्रूस विणून दाराशी लावतात, आणि २०२३ पासून या सणानिमित्त तेथील सरकारने सार्वजनिक सुटीही दिली आहे.

१४ फेब्रुवारीच्या व्हॅलेंटाइन दिवसाविषयी तर फारच कथा प्रचलित आहेत. त्या नावाचे हुतात्मे रोमन काळात होऊन गेले, एवढेच निश्चितपणे म्हणता येते. त्यांनी सैनिकांचे गुप्तपणे विवाह लावले, तुरुंगातून प्रेमपत्र लिहिले, इत्यादी गोष्टी पुष्कळ नंतरच्या आहेत. खात्रीलायक माहिती थोडी, म्हणून १९६९ मध्ये रोमन ख्रिस्तसभेने आपल्या सर्वसाधारण उपासना-पंचांगातून हा स्मरणदिन वगळला. याच सुमारास, १५ फेब्रुवारीस, प्राचीन रोममध्ये ‘लुपरकालिया’ नावाचा उत्सव होई. त्यात बकऱ्यांचा बळी देऊन त्यांच्या कातड्याच्या वाद्या हाती घेतलेले तरुण नगरातून धावत, आणि त्यांचा फटकारा बसला असता संतती होते अशी स्त्रियांची श्रद्धा असे. याच उत्सवात इसवी सनापूर्वी ४४ साली मार्क अँटनीने सीझरपुढे मुकुट धरला होता. पण या उत्सवाचा व प्रेमिकांच्या दिवसाचा संबंध जोडणारा पुरावा प्राचीन ग्रंथांत नाही. संत व्हॅलेंटाइनचा दिवस आणि प्रीती यांची सांगड स्पष्टपणे दिसते ती चौदाव्या शतकातील इंग्रज कवी चॉसर याच्या काव्यात. पक्षी त्या दिवशी आपला जोडीदार निवडतात, अशी त्याची कल्पना होती. म्हणजे हा सण सहाशे वर्षांहून थोडा जुना, आणि त्याचे मूळ एका कवीच्या कल्पनेत.

आता गोव्याकडे येऊ. गोव्यात कार्निव्हलला ‘इंत्रूज’ म्हणतात. हा शब्द पोर्तुगीज ‘एंत्रुदु’ यावरून आला, व त्याचा मूळ अर्थ प्रवेश असा आहे. प्रवेश कशात? तर ईस्टरपूर्वीच्या चाळीस दिवसांच्या प्रायश्चित्तकाळात. जुन्या नियमांप्रमाणे या काळात मांस, आणि पुष्कळ ठिकाणी अंडी, लोणी व दूधही वर्ज्य असे. मग जे घरात उरले असेल ते संपवून टाकणे ओघानेच आले. हिवाळ्यासाठी खारवून ठेवलेले मांस याच सुमारास संपत आलेले असे, आणि दिवस मोठा होऊ लागताच कोंबड्या पुन्हा भराभर अंडी घालू लागत. उपवास संपेपर्यंत ही अंडी साचत. ईस्टरला अंड्यांचा मान आला त्याचे एक कारण हे आहे. गोव्याच्या खेड्यांतून या दिवसांत पीठ व रंगीत पाणी एकमेकांवर उडविण्याची चाल होती. सासष्टीतील गावांत घरांपुढील अंगणांत ‘खेळ’ नावाची लोकनाट्ये होतात व त्यांत गावच्या प्रतिष्ठितांनाही टोले बसतात. कदंबांची जुनी राजधानी जे चंद्रपूर, आजचे चांदर, तेथील ख्रिस्ती लोक कार्निव्हलमध्ये मुसळे आपटीत ‘मुसळ खेळ’ नाचतात. किंग मोमोच्या अधिपत्याखाली निघणारी सजविलेल्या रथांची मिरवणूक हे मात्र अलीकडचे रूप आहे. ती १९६५ पासून सुरू झाली. परगावच्या प्रेक्षकांस तीच ठाऊक असते. वस्तुतः मिरवणूक हा इंत्रूजचा दर्शनी भाग आहे. त्याचे घर खेड्यांत आहे.

मंगळवारी हा सर्व कल्लोळ थांबतो, आणि दुसऱ्या दिवशी राखेचा बुधवार उगवतो. मागील वर्षीच्या झावळ्यांच्या रविवारी आशीर्वादित केलेल्या झावळ्या जाळून केलेली राख धर्मगुरू प्रत्येकाच्या कपाळी लावतात. माणूस मातीचा आहे व मातीलाच मिळणार आहे, याची ती आठवण असते. श्रीमंत-गरीब, शिक्षक-विद्यार्थी, सर्वांच्या कपाळी तीच राख.

हा बुधवार दर वर्षी वेगळ्या तारखेस का येतो? वसंतसंपातानंतरची पहिली पौर्णिमा, आणि तिच्यानंतरचा पहिला रविवार, तो ईस्टर. राखेचा बुधवार त्यापूर्वी ४६ दिवस येतो. मधले सहा रविवार उपवासाचे नसल्यामुळे ते वजा जाता चाळीस राहतात. आता थोडे गणित करून पाहावे. ईस्टर पौर्णिमेनंतर एक ते सात दिवसांत येतो. म्हणून राखेचा बुधवार त्या पौर्णिमेच्या आधी ३९ ते ४५ दिवस पडतो. दीड चांद्रमास म्हणजे सुमारे ४४ दिवस. पौर्णिमेपासून दीड महिना मागे गेले, की अमावास्या येते. ईस्टरची पौर्णिमा बहुधा आपली चैत्री पौर्णिमा असते. तेव्हा ही अमावास्या माघातील ठरते. आणि माघी अमावास्येच्या आदल्या रात्री महाशिवरात्र असते!

कपाळी भस्म लावून उपवास करण्याचे हे दोन दिवस एकमेकांना इतके चिकटून येतात, हे फार थोड्यांच्या ध्यानात असते. २०१८ मध्ये महाशिवरात्र १३ फेब्रुवारीस व राखेचा बुधवार १४ फेब्रुवारीस होता. २०२२ मध्ये १ मार्च व २ मार्च. २०२३ मध्ये १८ व २२ फेब्रुवारी. २०२६ मध्ये १५ व १८ फेब्रुवारी. २०१३ ते २०२६ या चौदा वर्षांपैकी दहा वर्षी हे दोन दिवस एका आठवड्याच्या आत आले. उरलेल्या चार वर्षी त्यांच्यात तीन-चार आठवड्यांचे अंतर पडले. उदाहरणार्थ, २०२३ मध्ये आपल्याकडे श्रावण अधिक आला, त्यामुळे पुढचे सण लांबले, आणि २०२४ मध्ये राखेचा बुधवार १४ फेब्रुवारीस झाला तरी महाशिवरात्र ८ मार्चपर्यंत आली नाही. यावरून एक सण दुसऱ्यातून निघाला असे म्हणावयाचे नाही. एकाचे मूळ यरुशलेममध्ये व यहुदी लोकांच्या वल्हांडण सणाच्या पौर्णिमेत आहे, दुसऱ्याचे भारतात. चंद्र मात्र दोघांचा एक आहे, आणि दोघांनीही ऋतू पालटण्याच्या वेळी त्याच्याकडे पाहिले.

इंदूर-ग्वाल्हेरकडच्या मराठी मंडळींना या अमावास्येत आणखी एक गंमत ठाऊक असते. मराठी व गुजराती पंचांगांत महिना अमावास्येस संपतो, तर हिंदी प्रदेशात तो पौर्णिमेस संपतो. म्हणून आपली माघ वद्य चतुर्दशी शेजारच्या हिंदी घरात फाल्गुन कृष्ण चतुर्दशी असते. नावे दोन असली तरी जागरणाची रात्र एकच.

येथवर सारखेपणा पाहिला. आता फरकही पाहिला पाहिजे, नाहीतर हिशेब अपुरा राहील. युरोपातील फेब्रुवारी हा रिकाम्या होत चाललेल्या कोठाराचा महिना होता. तेथील उपवासाला धर्माची आज्ञा होती, तशीच टंचाईची जोडही होती. आपल्या देशात या दिवसांत शेते भरत असतात. देशावर शाळू हुरड्यावर येऊन पुढे कापणीस लागतो, हरभऱ्याचे घाटे भरतात, माळव्यात गहू सोनेरी होऊ लागतो. वसंतपंचमीस पंढरपुरात विठ्ठल-रुक्मिणीचा विवाह लागतो. रथसप्तमीस अंगणात गोवऱ्यांवर दूध उतू जाईतो तापवितात. माघी पौर्णिमेस, म्हणजे कानडी भाषेतील भारत हुण्णिमेस, बेळगाव जिल्ह्यातील सौंदत्तीच्या डोंगरावर यल्लमाची मोठी यात्रा भरते. पुढे होळीच्या विस्तवावर माळव्यात नव्या गव्हाच्या ओंब्या भाजतात. त्यामुळे आपला महाशिवरात्रीचा उपवास हा उणिवेपोटी आलेला नाही. अन्न समोर असता एक दिवस हात आवरून धरण्याचा तो उपवास आहे. गोव्यातील ख्रिस्ती शेतकऱ्याची स्थिती तर दोहोंच्या मध्ये आहे. त्याचा सण युरोपच्या हिवाळ्यातून आला, पण त्याचे शेत कोकणच्या उन्हात आहे. वैरणीच्या गंजीची चिंता त्या सणाबरोबर समुद्र ओलांडून आली नाही. राख आणि तिचा अर्थ तेवढा आला.

सणांची मुळे शोधणाऱ्याने दोन गोष्टी संभाळाव्यात. शेजाऱ्याचा सण आपल्याच सणाचे उसने रूप आहे असे म्हणू नये; आणि आपला सण इतरांच्या वाऱ्यासही न लागलेला, अगदी स्वयंभू आहे, असेही मानू नये. पहिल्याने शेजाऱ्याचा अपमान होतो, दुसऱ्याने आपली समज कोती राहते. मुलांना समजवावयाचे असेल तर दिनदर्शिकेचे पान त्यांच्यापुढे ठेवावे, फेब्रुवारी-मार्चमधील अमावास्येवर बोट ठेवावयास सांगावे, आणि तिच्या मागे-पुढे कोणाच्या घरी काय असते ते त्यांनीच शोधावे. एका बाजूस महाशिवरात्र सापडेल, दुसऱ्या बाजूस बहुधा राखेचा बुधवार. ज्या वर्षी तो सापडणार नाही, त्या वर्षी तो का हुकला हे शोधताना मुले अधिकमासाचा धडा आपोआप शिकतील.